मिनिटबाईंचा शिक्का

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. एरवी बालरुग्ण विभागात त्यांना सगळे मिनिटबाई म्हणत. समोर 'सिस्टर', पाठीमागे मिनिटबाई. आता हे पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. अठ्ठावीस वर्षं एकाच खोलीत बसलेल्या बाईला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

नाव पडलं ते नाडीवरून. मुलाचं मनगट धरायचं, छातीवर पिनेने उलटं टांगलेलं घड्याळ बघायचं आणि पूर्ण साठ सेकंद मोजायचं, ही त्यांची रीत. बाकीच्या पंधरा सेकंद मोजून चाराने गुणत. बाईंना तो चोरटेपणा वाटे. "पोराचं काळीज काय चार सारखे तुकडे करून देतं का गं तुला?" असं त्या नव्याने आलेल्या मुलींना विचारत, आणि मुली तोंडावर हात ठेवून हसत. पुढे बोटाला चिमटा लावून नाडी दाखवणारं यंत्र आलं, दंडाला पट्टा गुंडाळला की आपोआप फुगणारंही आलं. बाई यंत्राचा आकडा बघत आणि मग हातानेही मोजत. दोन्ही जुळले की यंत्राकडे पाहून मान हलवत, म्हणजे यंत्र पास झालं.

निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बाई थकल्या होत्या. रात्री झोप काढली की सकाळी उतरतो, तसला हा थकवा नव्हता. गुडघ्यांपासून निघून तो आता जिभेपर्यंत आला होता. तेच प्रश्न, तीच उत्तरं, तेच वजनकाट्यावर उभं करणं आणि तेच 'हलू नकोस'. इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यांनी किती वेळा उच्चारले असतील याला हिशेब नाही, आणि ऐकलं कुणी? न हलणारी मुलं त्यांच्या खोलीत मुळी येतच नसत.

कारण त्यांचा मुख्य वार गुरुवार, आणि गुरुवार म्हणजे एडीएचडीच्या मुलांचा दवाखाना. ज्यांचं लक्ष एका जागी टिकत नाही, ज्यांचे हातपाय त्यांच्याआधी उठून चालू लागतात, शाळेने बोलावून बोलावून ज्यांच्या आईबापांच्या नाकी नऊ आणलेले असतात, ती मुलं. व्हरांड्यातल्या बाकाचे स्क्रू दर महिन्याला ढिले होत. एकाने वजनकाट्याचा काटा काढून खिशात घातला होता आणि आठ दिवसांनी प्रामाणिकपणे परत आणून दिला होता. डॉक्टर हसून म्हणत, "सिस्टर, गुरुवारी ही पोरं जरा जास्तच करतात, नाही?" बाई म्हणत, "दवाखाना बघितला की अंगात येतं त्यांच्या."

यातल्या बऱ्याच मुलांना डॉक्टर लक्ष लागण्याची गोळी देत. गोळी गुणाची होती. तिच्यामुळे बाकावर टिकलेली, वही पूर्ण केलेली, मित्र मिळालेली पोरं बाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. पण ती गोळी डोक्याला जागं करते तशी हृदयालाही थोडी हाकते. नाडी जराशी वाढते, रक्तदाब जरासा चढतो. बहुतेक मुलांना त्याचा त्रास होत नाही. पण एखाद्याच्या हृदयात जन्मापासूनचं काही लपलेलं असलं, किंवा नाडी जराशी वाढायच्या ऐवजी भलतीच वाढली, तर ते वेळेवर कळायला हवं. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब, नाडी. ते कळणं बाईंच्या दोन बोटांवर अवलंबून होतं आणि बाईंना त्याचा अभिमान होता. उगाच विनय कशाला? होताच.

आता शिक्क्याचं सांगितलं पाहिजे. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोळी सुरू होऊन महिना झाला की प्रत्येक मुलाचं एकदा रक्त तपासत, आणि रक्त देईपर्यंत सकाळची गोळी द्यायची नाही असा तेव्हा प्रयोगशाळेचा दंडक होता. हे वाक्य प्रत्येक आईला, मग तिच्यासोबत आलेल्या सासूला, मग दारातून परत फिरून आलेल्या बापाला सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस येई. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून रबरी शिक्का करून आणला. 'तपासणीला येताना सकाळची गोळी देऊ नये.' जांभळ्या शाईत, कार्डाच्या पहिल्या पानावर, तारखांच्या चौकटीच्या बरोबर वर. शिक्का मारला की काम झालं. त्या दिवशी बाईंना फार मोकळं वाटलं होतं.

ती मुलगी आली ती गेल्या वर्षी. नऊ वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. पहिल्या दिवशी तिने खोलीत पाऊल टाकलं आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर उंची मोजायची पट्टी, पडदा, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, सगळ्याला हात लावून झाला. बाई म्हणाल्या, "ही तर भिंगरी आहे." तेव्हापासून ती भिंगरी. आणि तिने आपल्या बाजूने फेड केली. व्हरांड्यात कुणाकडून तरी ऐकून ती बाईंना सरळ तोंडावर म्हणाली, "तुम्हीच का मिनिटबाई?" तिच्या आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

भिंगरीची आई एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. मनगटावर वाफेने भाजल्याचे डाग, आणि बोलताना सारखी हाताने काहीतरी सपाट करायची सवय. समोर कपडा नसला तर टेबलच. नवरा मालट्रकवर, महिन्यातून आठ दिवस घरी. पहिल्या दिवशी बाईंनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. "पळताना कधी चक्कर? नाही. छातीत दुखतं म्हणते? नाही. घरात कुणाला हार्टचं? नाही." विचारताना बाई उत्तरही अर्धं स्वतःच देऊन टाकत. आई मान हलवत गेली. तीन वेळा 'नाही' लिहिलं गेलं आणि कार्डावर शिक्का बसला.

गोळी सुरू झाली. भिंगरीची नाडी आधी ब्याऐंशी होती. महिन्याने चौऱ्याऐंशी, मग शहाऐंशी, मग पुन्हा चौऱ्याऐंशी. याहून सरळ आकडे कुठल्या कार्डावर नव्हते. आणखी एक गोष्ट होती. डॉक्टरांच्या खोलीत ती खुर्ची गरागरा फिरवायची, आईचं बोलणं मध्येच तोडायची. त्यामुळे डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. पण बाईंच्या स्टुलावर बसली की ती पूर्ण मिनिट गप्प. ओठ घट्ट मिटून, नजर समोरच्या भिंतीवर. बाई डॉक्टरांना सांगत, "माझ्याकडे बसते हो, बरोबर बसते." सांगताना त्यांचा आवाज किंचित चढलेला असे.

आणि मग तो गुरुवार उगवला. लॉन्ड्रीच्या मुकादमाने भिंगरीच्या आईला सकाळची सुट्टी नाकारली, म्हणून ती शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन दुपारी दोनला आली, धापा टाकत. व्हरांड्यात सहाच जण उरले होते. बाईंनी भिंगरीला स्टुलावर बसवलं आणि बोटाला यंत्राचा चिमटा लावला. यंत्र म्हणालं एकशे अठरा.

"यंत्राला काहीतरी झालंय," असं म्हणून बाईंनी मनगट धरलं. पूर्ण साठ सेकंद मोजलं. एकशे अठरा. रक्तदाबही वयाच्या मानाने चढलेला. बाईंनी तिला पाणी दिलं, दहा मिनिटं खोलीतच बसवून ठेवलं, पुन्हा मोजलं. एकशे सोळा.

"पळत आलीस का गं जिन्यावरून?"

"नाही. लिफ्टने आलो," भिंगरी म्हणाली. ती शांतपणे बसली होती, पाय हलवत. "आज गोळी घेतलीये ना, म्हणून असेल."

"म्हणजे? गोळी तर रोजच घेतेस."

"रोज घेते. तुमच्याकडे यायचं असतं तेव्हा नाही घेत."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईचा हात टेबल सपाट करता करता थांबला. "आज शाळा होती ना सिस्टर, म्हणून सकाळी द्यावी लागली. चुकलं माझं. एरवी दर वेळी बिनगोळीचीच आणते मी तिला. कार्डावर लिहिलंय तसं."

"कार्डावर कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं. आवाज करडा निघाला.

आईने कार्ड उलटून पहिलं पान समोर धरलं आणि भाजलेल्या बोटाने दाखवलं. जांभळी शाई. बारा वर्षं त्या हा शिक्का स्वतःच्या हाताने मारत होत्या, आणि बारा वर्षांत तो वाचला नव्हता. त्यात हे एकाच वेळेपुरतं आहे असं कुठे म्हटलंय? रक्ताचं नावसुद्धा नाही. तपासणी म्हटलंय, आणि तारखांच्या सगळ्या चौकटी खाली ओळीने मांडल्यात. शहाण्या आईने याचा दुसरा अर्थ काय काढावा?

बाई उठून व्हरांड्यात गेल्या. गुडघे दुखायचे विसरले होते. बाकावरच्या सहाही जणांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आज गोळी दिली का?" दोघांनी दिली होती. चौघांनी नाही. त्यांतला एक बाप तर छाती फुगवून म्हणाला, "नाही हो सिस्टर, शिक्का आहे ना. आम्ही नियम पाळतो."

बाई खोलीत परत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. गुरुवारी पोरं जास्तच का करतात याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. आणि साठ सेकंद, पूर्ण साठ सेकंद, एक ठोका न चुकवता, त्यांनी जे मोजलं ते गोळी न घेतलेल्या मुलांचं हृदय होतं. गोळी घेतलेलं हृदय कसं चालतं हे बघायला त्यांना बसवलं होतं, आणि तेच त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

खोटं कशाला सांगा, एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. आजचा आकडा आज लिहायचा. मागचे आकडे मागे राहतील. चार महिने उरलेत, कोण उकरायला बसलंय? आई तर चूक आपलीच समजून अंग चोरून उभी होती. विचार आला, दोन क्षण राहिला आणि बाईंना त्याची शिसारी आली.

त्यांनी लाल पेन घेतलं. मागच्या तिन्ही नोंदींवर आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं, 'गोळी न देता घेतलेल्या. ग्राह्य धरू नयेत.' खाली सही केली. मग भिंगरीच्या आईला समोर बसवून म्हणाल्या, "चूक तुझी नाही, बाळा. माझी आहे. आता मी तुला ते पहिल्या दिवशीचे प्रश्न पुन्हा विचारते. तेव्हा मी घाईने विचारले होते. तू सावकाश सांग. माहेरी, सासरी, कुणी तरुणपणी गेलंय का? कशानेही. हार्टनेच असं नाही. कशानेही."

आई टेबल सपाट करत एकेक नाव आठवत गेली. "धाकटे दीर गेले. पण ते हार्टने नाही. तलावात बुडून. सव्वीस वर्षांचे होते."

"पोहायला येत नव्हतं?"

"छे, पट्टीचे पोहणारे. रोज जायचे. पायात गोळा आला असेल म्हणाले सगळे." बोलता बोलता ती थबकली. "का हो, सिस्टर?"

बाई कार्ड घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शिक्का कुणी केला, का केला, सगळं. डॉक्टर त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, पहिलं पान उलटून शिक्का वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी हिचा डोस दोनदा वाढवलाय, सिस्टर," त्या म्हणाल्या. "खुर्ची फिरवताना बघून. आई सांगत होती की घरी बरी असते, जेवत नाही, गप्प गप्प असते. आणि मी समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवला."

"तुम्ही आकडे बघितलेत. आकडे माझे होते."

"शिक्का पाच वर्षं माझ्याही समोर होता. मी तरी कुठे वाचला?"

मग डॉक्टरांनी आईला आत बोलावलं आणि सरळ सांगितलं. नाडी वाढलीये ती कदाचित नुसती डोस जास्त झाल्यामुळे असेल. पण चांगलं पोहणारा तरुण माणूस अचानक बुडतो तेव्हा कधी कधी कारण पाण्यात नसतं, हृदयाच्या ठेक्यात असतं, आणि तसला दोष घराण्यात उतरू शकतो. असेलच असं नाही. पण बघितल्याशिवाय गोळी पुढे द्यायची नाही. हृदयाचा आलेख, हृदयाची सोनोग्राफी, हृदयाच्या डॉक्टरांची तपासणी. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे तीन आठवडे बिनगोळीची? आत्ता कुठे वाचायला लागली होती हो. पहिल्यांदा अख्खं पान वाचून दाखवलं तिने मला." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "आणि नऊ महिने मीच देत होते ना ती गोळी, माझ्या हाताने."

बाहेर पडताना भिंगरीने बाईंचा पदर धरला. "मिनिटबाई, माझं हृदय खराब आहे का?"

'नाही गं वेडे' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. असले शब्द त्यांच्याकडे ढिगाने होते, शिक्क्यासारखे तयार. त्या खाली वाकल्या, गुडघा कटकन वाजला. "मला माहीत नाही, भिंगरे. म्हणून तर बघायला पाठवतोय. तोवर धावपळ कमी, पोहायचं अजिबात नाही. आणि छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर लगेच आईला सांगायचं. लाजायचं नाही."

"बरं," भिंगरी म्हणाली. तिला हे उत्तर पुरलं असावं.

शिक्का बाईंनी त्याच दुपारी कात्रीने दोन तुकडे करून टाकून दिला. पण तो घरोघरच्या एकशे त्रेचाळीस कार्डांवर उमटलेला होता, आणि ती कार्डं कात्रीने कापता येण्यासारखी नव्हती. दुपारचा चहा सोडून बाई फोन लावू लागल्या. "मी बालरुग्ण विभागातून बोलतेय. तपासणीला आणता तेव्हा सकाळची गोळी देता का?" काही जण चिडले. काहींना वाटलं औषध बंद झालं. एका आजोबांना तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा ते म्हणाले, "पण शिक्क्यावर तर..." बाईंनी डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जे वाक्य बोलायला लागू नये म्हणून शिक्का केला, ते आता एकशे त्रेचाळीस वेळा बोलायचं होतं, उलटं करून. घरी नवरा म्हणाला, "अगं, चार महिन्यांनी घरी बसायचंय. कशाला जिवाचा आटापिटा करतेस?" बाई म्हणाल्या, "मला घरी बसून ते कार्ड दिसेल." त्याने मुकाट्याने त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. फोन संपले तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं बिनगोळीची येत होती असं निघालं. त्यांना सगळ्यांना पुन्हा बोलावलं. आणखी दोघांचे डोस कमी करावे लागले.

तीन आठवड्यांनी भिंगरीची तारीख आली. बाईंची त्या दिवशी सुट्टी होती तरी त्या गेल्या. हृदयाचा आलेख काढायची खोली पहिल्या मजल्यावर, अरुंद, जाड पडदे आणि कागदाची चादर अंथरलेला पलंग. आलेख काढणारा माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. छातीवर, हातापायांवर चिकट्या लावून वायरी जोडल्या की क्षणभर अगदी निपचित पडावं लागतं, नाहीतर आलेख नुसता थरथरतो. भिंगरी तीन आठवडे बिनगोळीची. ती निपचित पडेल कशी? पहिला कागद वाया गेला, दुसरा वाया गेला. एक चिकटी तिने उपटून कपाळाला लावली. माणूस वैतागला. "झोपेचं औषध देऊन पुन्हा आणा. मला असं नाही जमणार."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा तारीख म्हणजे पुन्हा कितीतरी आठवडे, त्याच टांगत्या काळजीत. बाई पुढे झाल्या. त्यांनी पलंगाच्या कडेला टेकून भिंगरीचं मनगट धरलं आणि छातीवरचं घड्याळ तिला दिसेल असं धरलं.

"भिंगरे, माझं मिनिट आहे हे. ठरलेलं. काय?"

भिंगरीने घड्याळाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटले. आणि ती पडून राहिली. पापणीसुद्धा नाही. यंत्रातून कागद सरसर बाहेर आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. माणूस बघतच राहिला.

मिनिट संपलं तशी भिंगरीने फुस्सकन श्वास सोडला. तिच्या कपाळावर घाम आला होता, वरचा ओठ ओला होता. बाई रुमालाने तिचं तोंड पुसू लागल्या.

"गोळी नसते ना, तेव्हा तुमचं मिनिट खूप मोठं असतं," ती म्हणाली.

बाईंचा हात थांबला. "दर वेळी?"

"दर वेळी. आई म्हणायची, मिनिटबाईंकडे हललीस तर आकडा चुकेल, मग डॉक्टरांना काही कळणार नाही. म्हणून मी बुटात पायाची बोटं दाबून धरायचे. खूप जोरात. मग बाकीचं हलत नाही. नंतर दुखतात, पण लगेच थांबतात."

बाईंनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या स्टुलावर बसलेली पोर त्यांना आठवत होती, ओठ मिटून, नजर भिंतीवर. आणि 'माझ्याकडे बसते हो' म्हणणाऱ्या स्वतःही आठवत होत्या. इतकी वर्षं मुलांचे हात हातात घेतले आणि पायांकडे कधी पाहिलं नाही.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही. दमले गं मी," बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला, सोनोग्राफी केली, आईला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. भिंगरीच्या हृदयात त्यांना काही सापडलं नाही. आलेख ठीक, झडपा व्यवस्थित. दिराचं नेमकं काय झालं होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं, म्हणून मुलीच्या बापानेही एकदा तपासून घ्यावं असं त्यांनी लिहून दिलं. गोळी पुन्हा सुरू करायला हरकत नाही, पण पहिल्याच लहान डोसावर, आणि दोन आठवड्यांनी नाडी बघायची. गोळी दिल्यावर. हे शेवटचं त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं. आई तो कागद हाताने सपाट करत बाकावर बसली आणि तिथेच हमसून हमसून रडली. बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. उठायची ताकद दोघींनाही नव्हती.

दोन आठवड्यांनी भिंगरी आली तेव्हा एक वेणी सुटलेली होती आणि आई तिच्या मागे दप्तर घेऊन. "सकाळी आठला दिलीये गोळी," आईने दारातूनच सांगितलं. मागच्या वेळेपेक्षा आवाजात जीव होता. "नाश्ताही केलाय. आणि काल पान वाचून दाखवलं, दीड पान."

यंत्र म्हणालं त्र्याण्णव. बाईंनी मान हलवली, मनगट धरलं आणि छातीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. वीस, पंचवीस, तीस. भिंगरी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं पुटपुटत वाचत होती. मोजता मोजता बाईंची नजर खाली गेली. आज भिंगरीच्या पायात चपला होत्या. दहाच्या दहा बोटं सैल सुटलेली होती. अंगठ्याला पेनाची निळी शाई लागली होती, करंगळी आपली उगाच वर उचललेली, आणि त्यातलं एकही बोट कशाला घट्ट धरून नव्हतं. बाई बघत राहिल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की आकडा सुटलाय. चाळीसच्या पुढे कुठेतरी. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. अजून एक मिनिट बसशील?"

भिंगरीने तक्त्यावरून नजरही हलवली नाही. "मोजा की," ती म्हणाली. "मला काय."